भिंतीतले बेवारस नळ

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या काळी राहतं घर फोडून नवं करायची टूम निघालेली नव्हती. नाहीतर म्हणीला आणखी एक तुकडा नक्की जोडला गेला असता. बांधणाऱ्याला निदान आपण भिंतीत काय घालतो आहोत हे ठाऊक असतं. फोडणाऱ्याला ते फोडल्यावरच कळतं. बेत तसा साधा असतो. स्वयंपाकघरातली मोरी काढून सिंक बसवायचं, न्हाणीघरातल्या कंबरेएवढ्या टाइल्स छतापर्यंत न्यायच्या, जमलं तर फरशी बदलायची. गवंडी गिलाव्यावर छिन्नी ठेवतो, चार घाव घालतो आणि पाचव्या घावाला आवाज बदलतो. ‘बाई, इथे एक पाइप आहे.’ बाई येऊन बघतात, प्लंबर येऊन बघतो, साहेबांना ऑफिसात फोन जातो. पाइप कुठून आला, कुठे गेला, त्यात काय आहे, कुणालाच सांगता येत नाही.

आणि इथेच घरातल्या माणसांची परीक्षा असते. गवंडी आणि बिगारी हात थांबवून उभे असतात, त्यांचा रोज चालू असतो. टाइल्सवाला दुपारी यायचा असतो. सगळं कुटुंब आठ दिवस एका खोलीत कोंबलेलं असतं आणि चुलीची जागा गॅलरीत गेलेली असते. अशा वेळी प्लंबर पान्याने पाइपवर दोनदा टकटक करतो आणि निकाल देतो, ‘बंद लाइन आहे, कापून टाकू.’ ऐकणाऱ्याला किती हायसं वाटतं! पण घरदुरुस्तीतले बरेचसे मोठे घोटाळे याच एका वाक्यापासून सुरू होतात. बेवारस दिसणाऱ्या नळाला बहुधा वारस असतो. तो वरच्या मजल्यावर असेल, शेजारच्या बिऱ्हाडात असेल किंवा गच्चीवर असेल. नळाची दोन्ही टोकं सापडेपर्यंत करवत बाहेर काढायची नाही, एवढा एक नियम पाळला तर पुष्कळ पैसा, पुष्कळ भांडणं आणि प्रसंगी एखादा जीवही वाचतो.

हे नळ भिंतीत येतात तरी कसे? कुठलंच जुनं घर एका दमात झालेलं नसतं. चाळीत आधी मजल्याच्या टोकाला सार्वजनिक नळ होता, मग घराघरांत मोरी आली, मग पोटमाळ्यावर टाकी चढली. वाड्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि एका न्हाणीघराची तीन झाली. बंब गेला, गीझर आला. अंगणात बोअर घेतली, तिचं पाणी वेगळ्या पाइपने वर नेलं. प्रत्येक पिढीने नवा नळ टाकला, पण जुना काढला नाही. काढायचा तर भिंत फोडायला हवी आणि फोडलेली भिंत पुन्हा भरायला हवी. त्यापेक्षा टोकाला लाकडाची खुंटी ठोकायची आणि वरून गिलावा मारायचा, हे सोपं. त्या खुंटीची आठवण एका माणसाच्या डोक्यात राहते आणि त्या माणसाबरोबर जाते.

शहर जितकं जुनं तितका हा गुंता मोठा. पुण्याला अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी आणून हौद भरले गेले. पेठांत खोदकाम निघालं की त्या नळाचे अवशेष अजूनही अधूनमधून वर येतात. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर खेळवली. तिथे पाणचक्कीला पाणी आलं ते खापरी नळांतून. मुंबईला विहारचं पाणी १८६० साली मिळालं, तुळशीचं १८७९ साली आणि तानसाचं १८९२ साली. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचं पाणी आलं. या प्रत्येक योजनेबरोबर घरोघरच्या भिंतींत नळांचा एकेक थर चढत गेला.

कोलकात्यातल्या जुन्या घरात निघालेला नळ तर दोनदा तपासावा लागतो. तिथे पलत्याहून शुद्ध केलेलं पाणी यायचं, पण त्याशिवाय हुगळी नदीचं न गाळलेलं पाणी पुरवणारी दुसरी वेगळी व्यवस्थाही घातलेली होती. रस्ते धुवायला, आग विझवायला आणि शौचालयांत टाकायला ते पाणी वापरायचं. दोन्ही नळ लोखंडाचेच, दोन्हींतून पाणीच येणार. उत्साहाच्या भरात कुणी त्यातला चुकीचा नळ नव्या सिंकला जोडला, तर घरातली मुलं आजारी का पडताहेत हे महिनोन्महिने कळायचं नाही. कोलकाताच कशाला, कुठल्याही गावात बोअरचा पाइप आणि नगरपालिकेचा पाइप एकाच भिंतीत शेजारी शेजारी असू शकतात.

नळात पाणीच असेल असंही नाही. कोलकात्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८५७ साली. मुंबईतही त्याच्या पुढच्या दशकात ते आले. लालबागेतल्या गॅस कंपनी लेनच्या नावात त्या काळाची खूण आहे. कोळशापासून केलेला तो गॅस नळांनी घरांतही पोचवला जायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा, म्हणजे तो जळण्याइतकाच श्वासालाही घातक. तो पुरवठा जिथे संपला, तिथेही भिंतीतले नळ काढायला कोण बसलं होतं? उलट आता नव्याने घरोघर नैसर्गिक गॅसचे पाइप येताहेत. आधीच्या मालकाने शोभेसाठी असा पाइप लाकडी पट्टीआड झाकून ठेवलेला असू शकतो. म्हणून पिवळा रंग दिसला, वास आला किंवा पाइप स्वयंपाकघराच्या दिशेने जात असला, तर काम थांबवून गॅस कंपनीचाच माणूस बोलवावा. गळती पाहायला साबणाचा फेस लावतात, काडी कधीही ओढायची नाही. वास आलाच तर विजेचं बटणही चालू किंवा बंद करू नये. खिडक्या उघडाव्यात आणि माणसं बाहेर काढावीत. सिलिंडरच्या गॅसची गळती कळवायला १९०६ हा देशभर चालणारा क्रमांक आहे.

‘टकटक केलं, रिकामा वाजला’ हा पुरावा का चालत नाही, याचं कारण आपल्याकडच्या पाणीपुरवठ्यात आहे. आपल्या बहुतेक गावांत पाणी चोवीस तास नसतं, त्याची वेळ असते. गवंडी येतो सकाळी दहाला. त्या वेळी जो पाइप मुका आणि कोरडा असतो, तोच पहाटे साडेपाचला पाण्याने भरून गुरगुरत असतो. गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप आठ महिने गप्प असतो, आणि दुरुस्त्या तर आपण उन्हाळ्यात नाहीतर दिवाळीच्या तोंडावर काढतो. टाकी भरून वाहू लागली तर पाणी बाहेर न्यायला ठेवलेला पाइप वर्षातून दोनदाच बोलतो. नळालाही त्याचं वेळापत्रक असतं. म्हणून अनोळखी पाइपची चौकशी त्याच्या वेळेला करावी लागते. पहाटे पाणी आल्यावर त्याला हात लावून पाहावं, गार लागतो का, थरथरतो का. कान लावावा. वरच्या वहिनींना पाच मिनिटं सगळ्या तोट्या सोडायला सांगावं. बादलीभर पाण्यात थोडा खाण्याचा रंग कालवून गच्चीच्या तोंडातून सोडावा आणि खालच्या चेंबरमध्ये काय उतरतं ते बघावं. यात एक दिवस जातो. कापल्यावर जाणाऱ्या महिन्यापेक्षा तो बराच स्वस्त.

काही पाइप तर कधीच ओले होत नाहीत, कारण त्यांचं काम पाणी वाहण्याचं नसतंच. जुन्या इमारतींच्या मागच्या डक्टमध्ये मोठ्या बीडाच्या पाइपशेजारून एक बारीक पाइप वर गच्चीपर्यंत गेलेला दिसतो. तो हवेचा. न्हाणीघराच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. ‘न्हाणी’चंच हे भावंड देशभरातल्या प्लंबरांच्या तोंडी रुळलेलं आहे. त्याच्या वळणात दोन बोटं पाणी कायम साचलेलं असतं आणि तेवढ्याशा पाण्याने गटाराची दुर्गंधी अडवून धरलेली असते. ही वळणाची युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये पेटंट केली. वरच्या मजल्यावर एकदम पाणी सोडलं की पाइपमध्ये ओढ निर्माण होते आणि खालच्या ट्रॅपमधलं हे पाणी खेचलं जाऊ शकतं. हवेचा पाइप ती ओढ मोडतो. तो निकामी समजून कापला, की पाणी व्यवस्थित वाहत राहतं, पण महिन्याभरात नव्याकोऱ्या न्हाणीघरात वास सुटतो. टाइल्स बदला, फिनेल ओता, वास हटत नाही. कात्रजचा नळ घालणाऱ्यांना हे शास्त्र चांगलं ठाऊक होतं. त्यांनी वाटेत जागोजागी मनोरे उभारून नळाला हवा खेळती ठेवली आणि त्यांना नाव दिलं ‘उच्छ्वास’. भिंतीतल्या त्या कोरड्या पाइपलाही हेच नाव शोभतं. उच्छ्वास कापायचा नसतो.

नळ कशाचा आहे हे कळलं तर अर्धं काम होतं, आणि त्याला लोहचुंबक, जुना चाकू आणि थोडा धीर एवढंच पुरतं. चुंबक चिकटला तर लोखंड किंवा बीड. जाड, खडबडीत, काळपट आणि जोडाशी फुगीर असेल तर बीड. असे पाइप एकात एक बसवून मध्ये सुतळी ठासत आणि वरून वितळलेलं शिसं ओतत. आटे पाडून एल्बो-सॉकेटने जोडलेला, राखाडी रंगाचा असेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप. त्याच्या जोडावर सुतळी आणि सफेदा दिसतो. सुदैवाने रंगाचा पट्टा शिल्लक असेल तर पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम आणि लाल म्हणजे जड. पिढीभर वापरलेला अर्ध्या इंचाचा जीआय पाइप कापला, तर गंजाने आत पेन्सिल जाण्याएवढीच वाट उरलेली असू शकते. चुंबक चिकटला नाही आणि चाकूने ओरखडल्यावर लालसर चमक आली, तर तांबं. पाइप मऊ लागला, वाकडातिकडा गेलेला असला आणि ओरखड्याखाली चांदीसारखं चकाकलं, तर मात्र सावध व्हावं. ते शिसं.

एके काळी शिशाचे नळ म्हणजे उत्तम काम समजलं जायचं. प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून आला. पण शिसं पाण्यात उतरतं, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बसतो. त्याचं सुरक्षित म्हणता येईल असं प्रमाणच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ‘पाणी उकळलं की झालं’ असा ठाम समज आहे. उकळण्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटल्यामुळे ते उलट दाट होतं. पिण्याच्या पाण्याच्या वाटेत शिशाचा तुकडा सापडला तर तो बदलणं हाच उपाय. तोवर रात्रभर साचलेलं पाणी पिण्यासाठी भरू नये, आधी थोडं वाहू द्यावं, आणि तान्ह्या बाळाच्या दुधाला तर ते पाणी वापरूच नये. पूर्वी प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपमध्येही टिकाऊपणासाठी शिशाची संयुगं घालत. ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली काढले. नव्या कामासाठी पाइप घेताना एवढा एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा.

दुसरी सावधगिरी करड्या, सिमेंटसारख्या दिसणाऱ्या पाइपची. तो अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. पावसाच्या आणि सांडपाण्याच्या कामाला तो सर्रास वापरला गेला. जागच्या जागी धडधाकट असेल तर त्याला हात न लावलेलाच बरा. ग्राइंडर लावला की त्याची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसांत जाऊन बसते आणि वर्षांनी कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. काढणं भागच असेल तर जाणकार माणसाकडून, ओला करून, शक्यतो अखंड काढवावा. ती धूळ आधी श्वासात जाते ती काम करणाऱ्या बिगाऱ्याच्या, आणि तो काही विचारणार नाही. विचारायचं घरमालकाने.

आणि काही पाइप नळ नसतातच. जुन्या घरांत विजेच्या तारा लोखंडी पाइपमधून नेत. गिलाव्याखाली तो पाण्याच्या पाइपसारखाच दिसतो. मुख्य स्विच बंद केला म्हणजे झालं, असंही नाही. तारा शेजारच्या बिऱ्हाडाच्या असू शकतात. म्हणून प्लंबरच्या आधी वायरमनने टेस्टर लावून पाहावं. याहून छुपा धोका वेगळाच आहे. पूर्वी कित्येक घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपलाच आवळून टाकत. नव्या कामात तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला की पाणी छान येतं, पण घराचं अर्थिंग तुटतं. दिसत काहीच नाही. पुढे कधीतरी गीझर बिघडतो आणि ओल्या हाताला त्याचा प्रसाद मिळतो. जीआय पाइप बदलायचे ठरले तर त्याच आठवड्यात अर्थिंग तपासून घ्यावं आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विच बसवून घ्यावा. टाइल्सच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

एवढी चौकशी करताना एक मोठा आधार आपण विसरतो, तो म्हणजे माणसं. घरातल्या सासूबाईंना कोपऱ्यात बसवून ठेवण्यापेक्षा त्यांना भिंतीपाशी न्यावं. ‘इथे पूर्वी बंब होता, आणि त्याच्या मागे माजघरातली मोरी,’ हे त्यांना जितकं आठवतं तितकं कुठल्या नकाशात नसतं. जुन्या मालकाला फोन करावा. इमारतीत पाणी सोडणाऱ्या म्हाताऱ्या पंपवाल्याला चहाला बोलवावं. सोसायटी असेल तर सेक्रेटरीकडे मंजूर नकाशे मागावेत आणि काम काढण्यापूर्वी लेखी कळवावं. आपल्या भिंतीतून गेलेला प्रत्येक पाइप आपला नसतो. चार घरांना पाणी देणारी मुख्य वाहिनी संस्थेची असते. ती परस्पर कापली तर वरच्या तिन्ही घरांच्या घागरी दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या राहतात. असा अबोला मग टाइल्सपेक्षा जास्त टिकतो.

सगळं तपासून पाइप खरोखरच मेलेला निघाला, तर त्याचाही नीट निरोप घ्यावा. अर्धवट कापून टोकाला चिंधी कोंबू नये. चालू वाहिनीला जोडलेला असा आंधळा तुकडा पाणी साचवतो आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. तो जिथून फुटला त्या टीपाशी जाऊन तिथेच आट्यांचा प्लग बसवावा. कापण्याऐवजी जोड सैल करून पाहणं चांगलं. दोन थेंब आले तर पुन्हा आवळता येतो. कापलेला पाइप आवळता येत नाही.

शेवटचं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वेळा केलं जाणारं. गिलावा चढण्याआधी उघड्या भिंतीचे फोटो काढावेत, मोजपट्टी भिंतीला लावूनच, म्हणजे दारापासून किती आणि जमिनीपासून किती ते दिसेल. कोणता पाइप कशाचा, कुठून कुठे, कधी टाकला, त्याचा कॉक कुठे आहे, हे एका वहीत लिहावं. वही घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी. मोबाइल बदलतो, वही राहते. आज आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, त्या जुन्या घरमालकाने एवढीच एक ओळ लिहून ठेवली असती तर? आणखी तीस वर्षांनी कुणीतरी याच भिंतीवर छिन्नी ठेवणार आहे. कदाचित आपली नातसून असेल, कदाचित घर विकत घेतलेलं परकं कुटुंब असेल. पाचव्या घावाला आवाज बदलला, की त्यांनी फाइल उघडावी आणि पाइपचं नाव, गाव, वय एका मिनिटात सापडावं.